डोकंजड रॅकेट आणि न घातलेली दोरी

मंडळी, आज थोडक्यात निभावलं.

पॅडल म्हणजे काचेच्या भिंतींमधलं टेनिस. त्यात स्मॅश जोरात बसावा म्हणून मी दुकानातली सगळ्यात डोकंजड, वजन टोकाकडं असलेली रॅकेट उचललेली. दुकानदार म्हणाला, "पावणं, ही हातातनं निसटती. मुठीची दोरी मनगटात घालायचीच." मी हसलो. दोरी नवख्यांनी घालायची, आपण कोल्हापूरचं हाय की!

आज कळंब्याच्या कोर्टवर उडी मारून स्मॅश हाणला. बॉल राहिला बाजूला, घामेजल्या हातातनं रॅकेटच सुटली. पुढं उभा असलेला माझा जोडीदार इम्तियाज, त्याच्या कानाजवळनं सणकन जाऊन जाळीवर आदळली. बोटभर इकडं आली असती तर?

वीस वर्षं मला 'लेका' म्हणणारा इम्तियाज पांढराफटक पडलेला. रॅकेट माझ्या हातात देत म्हणाला, "पावणं, दोरी बांधा."

तुम्ही बांधता न्हवं?