साडभाऊंच्या गळ्यातली बोडी

माझ्या साडभाऊंइतकं माणसाला थकवणारं दुसरं काही भंडारा जिल्ह्यात नाही. यात मे महिना आणि बँकेतली रांगसुद्धा आली. बाकीची माणसं बोलून थकवतात. हे ऐकून थकवतात, आणि आपल्यालाही ऐकायला लावतात. दुपारी जेवून जरा आडवं व्हावं, तर कोंढ्याहून यांचा फोन. "साडभाऊ, आयकून राहिले का?" आणि फोन हातभर लांब धरलेला. आमच्याकडे साडू एकमेकांना साडभाऊच म्हणतात, त्यामुळे एकानं दुसऱ्यावर रागवायचीही सोय नाही. मी डोळे मिटूनच सांगे, काही ऐकू येत नाही. "तेच तं सांगून राहिलो ना बाप्पा! काहीच नाई! पानी पडलं, बोडी भरली, अन् एक बेडूक बोलून नाई राहिला!" बोडी म्हणजे त्यांच्या धानाच्या बांध्यांना, खाचरांना, पाणी देणारं लहानसं तळं. तिथे बेडूक नाहीत ही खबर द्यायला हा माणूस मला भंडाऱ्यात झोपेतून उठवायचा, आणि उठवल्यावर म्हणायचा, "झोपा आता."

तरुणपणी ते झाडीपट्टीच्या नाटकांत गात. भोंगा बंद पडला तरी त्यांचं पद सर्वांत मागे गोणपाटाच्या बोऱ्यावर बसलेल्या म्हातारीपर्यंत पोचायचं, असं अजूनही लोक सांगतात. नाटकं सुटली, पण कान सुटले नाहीत. कोणाच्याही घरी गेले की आधी पंखा बंद करायचे, "पंख्यानं बाकी सारं दबते," म्हणून. एकदा भर मे महिन्यात त्यांनी आमच्या अख्ख्या घराला घामाघूम करून तांबट पक्ष्याची टुकटुक ऐकवली. तांबट गेला, मग चहा. तुमसरला एका साखरपुड्याला गेलो होतो, तर हे वाटेतल्या राइस मिलच्या दारात डोळे मिटून उभे राहिले आणि यंत्राच्या घरघरीत सूर मिळवायला लागले. हमालांना वाटलं, मिरगी आली. त्यांनी कांदा फोडून नाकाला लावला. साडभाऊंनी कांदा हुंगत हुंगत सूर पुरा केला आणि मगच डोळे उघडले. साखरपुडा तोवर आटोपला होता आणि मला थंड आलूबोंडा मिळाला.

अल्बमचं खूळ त्यांच्या डोक्यात पुण्याच्या लेकीनं घातलं. बाहेर म्हणे असेही अल्बम निघतात: शब्द नाहीत, ताल नाही, तबलापेटी नाही, नुसते माणसाचे आवाज धुक्यासारखे पसरत राहतात, आणि त्यातून नदी, जंगल, हवा यांचं काय होऊन बसलंय ते जाणवतं. तिनं बापाला एक चांगला माइक धाडला. झालं! साडभाऊंनी ठरवलं की बोडीवरून जे जे गेलं, त्याचा त्याचा आवाज आपल्या गळ्यातून काढायचा. बेडूक, पाणकोंबडी, बोडीत आपोआप उगवणाऱ्या देवधानाच्या पात्यांतून जाणारा वारा, आणि लहानपणी त्यांनी पाहिलेली सारसाची जोडी. आता बोडीच्या काठी सगळी बेशरमाची झुडपं माजलेली, आणि बांध्यांत फवारणीचा वास. मी विचारलं, "अहो, पण हे ऐकणार कोण?" म्हणाले, "मानूस मेला तं आपन नाव घेतो ना त्याचं? ह्याहिचं नाव कोन घेईन?" मी छत्री धरली. पुढचे कित्येक रविवार मी छत्री धरणे, कुत्री हाकलणे आणि खोकला दाबणे ही कामं विनातक्रार केली, म्हणजे तक्रार फक्त बायकोकडे केली.

अशात त्यांचा आवाज बसायला लागला. आधी आम्हाला वाटलं, बेडूक जास्त झाले. नागपूरच्या डॉक्टरांनी घशात गाठ दाखवली आणि लवकर ऑपरेशन करा म्हणाले. जीव वाचेल, पण पहिला आवाज परत येईल याची खात्री नाही. माझी साळी, म्हणजे त्यांची बायको, त्या दिवसापासून पदर खोचून त्यांच्या मागे लागली. "जे गेले ते गेले! बेडकापायी गळा देता का? आता तरी मुके राहा!" साडभाऊ खरखरत म्हणाले, "मुकं तं व्हाचंच हाये. मंग आजच काहून?" आठवड्यानं भरती व्हायचं ठरलं. तोवर करायचा एकच तुकडा उरला होता: रोवणा, म्हणजे धानाची लावणी, करणाऱ्या बायांची गुणगुण.

बाया चिखलात वाकून गात होत्या. यांनी बांधावरून विनंती केली, शब्द सोडा, नुसता सूर धरा. सगळ्याजणी गप्प झाल्या आणि हातही थांबले. त्यांतली पुढारीण म्हणाली, "शब्द नाई तं हात कसा चालन, मामा? आमी का मशीन हावो?" मग साडभाऊंनी धोतर खोचलं, चिखलात उतरले, हातात रोपांची पेंडी घेतली आणि बसक्या गळ्यानं हुंकार देत लावायला लागले. रांग अशी वाकडी गेली की बाया हसून हसून चिखलात बसल्या. ध्वनिमुद्रणात फक्त हसणं आलं. "राहू द्या," ते म्हणाले. "हे बी उद्या आयकाले भेटनार नाई."

भरती व्हायच्या आदल्या संध्याकाळी गावच्या समाजमंदिरात अल्बम वाजवला. साडभाऊंचं नाव ऐकून अर्धं गाव बोऱ्या, चादरी, फुटाणे घेऊन आलं. समोर पडदा, बाजूला भोंगे. हुंकार सुरू झाला, पसरला, वर गेला, खाली आला, बेडूक बोलले, सारस ओरडला, सगळं विरलं. लोक बसलेलेच. जरा वेळानं एका म्हातारीनं विचारलं, "माइक जमला असन तं उघडा ना पडदा! नाटक कवा लावता?" आमच्याकडे नाटकाआधी साउंडवाले इतका वेळ आवाज तपासतात की सगळ्यांनी अख्खा अल्बम त्याच खात्यात जमा केला होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. साडभाऊ मात्र खूश. "पन सारे गुमान बसून होते का नाई? कोनी उठला का?" खरंच, कोणी उठलं नव्हतं.

ऑपरेशन झालं. गाठ गेली, आवाजही गेला. आता ते ओठ हलवतात आणि बारीकशी हवा बाहेर येते. मला दुपारची झोप अगदी निवांत मिळते आणि ती मला सोसत नाही. परवा कोंढ्याला गेलो तर पडवीत अल्बम लावलेला. साडभाऊ खुर्चीत बसून हातानं 'बंद कर, बंद कर' असं खुणावत होते. स्वतःचा गळा असा समोर ऐकणं त्यांना जड जात असावं. साळी सुपात तांदूळ निवडत होती. अल्बमच्या नावानं एवढी बोटं मोडलेली बाई ती. तिनं वर न बघता आवाज आणखी वाढवला.

"तुमाले कोन आयकून राहिलं?" ती म्हणाली. "मी बेडकं आयकून राहिली."

आणि तिनं पदरानं डोळे पुसले.