पिवळ्या हातांची फिर्याद

ते प्रकरण आठवलं की आजही डोकं तापतं, आणि राग माझा मलाच येतो.

महायुद्ध नुकतंच संपलं होतं. मी उंब्रजकडच्या एका ठाण्यावर फौजदार होतो. एका सकाळी पोलीस पाटलाची वर्दी आली, ब्रह्मदेशाच्या आघाडीवरून परतलेला पलटणीतला हवालदार थोरल्या भावावर कोयता घेऊन धावला. मागोमाग हवालदार स्वतःच हजर. कडक सलाम ठोकून म्हणाला, "साहेब, भाऊ मला विष घालतोय. ह्ये हात बघा."

हात हळदीसारखे पिवळे होते.

"भाऊ-भावजय भिंतीआडनं बोलत्यात. आज ह्याला संपवू म्हंत्यात. माझ्या कानानं ऐकलंय."

पलटणीचा माणूस, खोटं कशाला बोलेल? मी भावालाच कोठडीत घातलं. पीठ, गूळ, माठातलं पाणी, सगळं पंचनामा करून तपासणीला पाठवलं. जबाबात भावाचं एकच पालुपद, "न्हाई जी, म्या काय बी घातलं न्हाई." दोन दिवस तेच ऐकून माझा तोल सुटला. दोन थोबाडीत दिल्या. तरी तेच.

चौथ्या दिवशी हवालदार पुन्हा दारात. "कालबी विष घातलं, साहेब."

"अरे बाबा, भाऊ कोठडीत, भावजय माहेरी, भाकरी तू स्वतः थापतोस. मग घालतो कोण?"

"त्येच तर तुमी शोधायचं."

एवढं बोलून त्यानं खिशातून डबी काढली आणि माझ्यासमोर दोन पिवळ्या गोळ्या गिळल्या. मी विचारलं, हे काय?

"मलेरियाच्या. आघाडीवर सुभेदार म्होरं उभं राहून गिळाय लावायचा. हुकूमच हाय. विष सुरू झाल्यापास्नं मी दिसाला एकीच्या जागी चार घेतो, उतारा म्हणून."

मी कपाळावर हात मारला आणि त्याला साताऱ्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथले डॉक्टर लष्करात राहून आलेले. डबी बघून म्हणाले, "हात यानंच पिवळे झालेत. एखाद्याच्या डोक्यातही चढतात या गोळ्या. मग संशय येतो, नसलेले आवाज ऐकू येतात. आधी या बंद करा."

तीन-चार आठवड्यांत आवाज थांबले. हवालदार खोटं बोलत नव्हता, आवाज त्याला खरोखरच ऐकू येत होते. पण माणूस खोटं बोलत नाही म्हणजे तो सांगतो ते घडलंच, असं नसतं. ह्याला काय खाऊ घातलं, ते मी घरातल्या सगळ्यांना विचारलं. फिर्यादीला, तू काय घेतोस, हे विचारायचं सुचलं नाही.

हवालदाराला दवाखान्यात ठेवून परतलो, त्याच दिवशी भावाला सोडलं होतं. दारात तो थबकला.

"साहेब, दवाखान्यात त्याच्या भाकरीचं काय? म्या नेली तर खाईल का त्यो?"

माफी मागायला हवी होती. मी नुसतं, जा, म्हणालो.