वेटिंग रूममधले माझे दात

माझे वरचे पुढचे सहा दात तपकिरी होते. चहाचे डाग असतात तसे नाही, आतूनच तपकिरी, मधूनमधून पांढरे पट्टे. आईचं माहेर यवतमाळ जिल्ह्यातलं. बाबांचं अमेरिकेतलं बस्तान बसेपर्यंत आम्ही दोघी तिथेच होतो, मी नऊ वर्षांची होईतो. त्या गावच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त, त्यामुळे सगळ्या गल्लीचेच दात तसे. आईचे आणि माझे तर डिट्टो. गावात ते कुणाला दिसायचे नाहीत. दिसायला लागले ते न्यू जर्सीला आल्यावर. बाबा पुण्याचे. त्यांचे दात पांढरे आहेत, आणि ते त्यांना चांगलंच ठाऊक आहे.

आईला मात्र काही फरक पडला नाही. आमच्या पिस्कॅटवे गावातल्या इंडियन दुकानात, लायब्ररीत, शेजारच्या अमेरिकन बाईशी मोडकंतोडकं बोलताना, ती गावात हसायची तशीच हसायची, डोकं मागे टाकून, तोंड भरून.

कॉलेजात मी प्री-डेंटल घेतलं तेव्हा त्याचं कारण सगळ्यांना माझ्याआधी कळलं होतं. इथल्या मराठी मंडळातल्या एका काकूंनी विचारलं, "मेडिकलला ग्रेड्स कमी पडले का गं?" दुसऱ्या काकू माझ्या तोंडाकडे बघून नुसत्या "हं" म्हणाल्या. खरं कारण साधं होतं. मला हाताची बारीक कामं आवडतात. प्री-डेंटलची मुलं हात बसावा म्हणून साबणाच्या वड्या कोरून दात बनवतात. माझी दाढ बघायला वरच्या वर्गातली मुलं यायची. त्या सगळ्यांचे दात बाथरूमच्या टाइल्ससारखे होते, आणि दाढेचं कौतुक करताना ती माझ्या कपाळाकडे बघून बोलायची.

डेंटल स्कूलच्या अर्जाला मार्क लागतात, परीक्षा लागते आणि एखाद्या डेंटिस्टचं शिफारसपत्र लागतं. पत्रासाठी त्याच्या क्लिनिकमध्ये महिनोन्महिने उभं राहून बघायचं, याला शॅडोइंग म्हणतात. मराठीत याला फुकट राबणं म्हणतात. मला घेतलं ते डेंटिस्ट काकांनी. तसे ते कुणाचेच सख्खे काका नव्हेत. मुंबईहून फार पूर्वी आलेले, मंडळाचे माजी अध्यक्ष, दर गणेशोत्सवात "आपली मुलं" या विषयावर भाषण ठोकणारे. बाबा त्यांच्यापुढे वाकूनच उभे राहायचे.

पहिल्याच दिवशी काकांनी माझी हनुवटी बोटाने वर केली, ओठ बाजूला सारून बघितलं आणि म्हणाले, "पेशंटसमोर मास्क काढायचा नाही हं, बेटा. दे विल थिंक आय डिड दॅट." ते मोठ्याने हसले. त्यांची असिस्टंटही हसली, आणि मग ट्रेमधली हत्यारं उगाच सारखी करत बसली. मीही हसले, पण मास्क वर ओढून.

दीड वर्ष मी तो मास्क काढला नाही. डबा गाडीत बसून खायचे, थंडीत हीटर लावून. एक म्हातारे पेशंट म्हणाले, तुझे डोळे किती सुंदर आहेत. काका आतून ओरडले, "तेवढंच बघा!" मला काका नावाच्या या माणसाचा किती राग यायचा ते इथे लिहून टाकते: त्याच्या गालावर खाजगीत चार ठेवून द्याव्यात असं मला रोज वाटायचं. आणि रोज मी त्याला "थँक यू, काका" म्हणून घरी यायचे. मला ते पत्र हवं होतं.

तिसऱ्या वर्षाच्या शेवटी अर्ज भरायची वेळ आली आणि मी पत्राचं विचारलं.

"लेटर मी लिहीनच," काका म्हणाले. "पण इंटरव्ह्यूला तू तोंड उघडलंस की माझं लेटर कोण वाचणार? आधी हे फिक्स करू. पुढचे सहा. व्हिनीअर्स. माझ्याकडून गिफ्ट."

व्हिनीअर म्हणजे दाताचा पुढचा थर घासून काढायचा आणि त्यावर पोर्सिलेनचा पातळ पापुद्रा चिकटवायचा. घासलेला दात परत येत नाही.

"आणि नाही केलं तर?"

"मग लेटर दुसऱ्या कुणाकडून घे. आय वोन्ट माइंड, बेटा."

दुसरा कुणी म्हणजे पुन्हा नव्याने राबणं, म्हणजे ते वर्ष गेलं. माझे डाग आतले असले तरी फार खोल नव्हते. ब्लीच करून, थोडं पॉलिश करून आधी बघता आलं असतं. एवढं मलासुद्धा वाचून माहीत होतं, आणि त्यांना तर होतंच.

घरी सांगितलं तर बाबा खुर्चीवरून उठलेच. "काका एवढं करतायत आपल्यासाठी!"

आईने गॅस बारीक केला. "दुखतात का वं दात?"

"नाही."

"मग काहून घासायचे?"

"तुला नाही कळायचं त्यातलं," बाबा म्हणाले. आईने गॅस परत मोठा केला.

काकांचं मशीन माझ्या दातांवर दोनदा घसरलं. "अरे यार, काय दगड आहेत!" ते असिस्टंटला म्हणाले. "टफ लिटल व्हिलेजर्स." नख जळल्यासारखा वास येत होता. तोंडात चार हात असताना माणूस काय बोलणार? मी वरच्या दिव्याकडे बघत पडून राहिले. पापुद्रे बसवून झाल्यावर त्यांनी आरसा दिला. त्यात कुणीतरी दुसरीच मुलगी टाइल्स दाखवत होती. पत्र त्याच संध्याकाळी गेलं. अशी पत्रं आपल्याला वाचायला मिळत नाहीत.

काकांनी आधीचा आणि नंतरचा असे दोन फोटो मोठे करून वेटिंग रूममध्ये लावले. मला विचारलं नाही, बाबांना विचारलं. बाबा म्हणाले, "लावा की!"

आठवड्याने आई आभार मानायला कोथिंबिरीच्या पुडाच्या वड्या तळून घेऊन आली. मी आत पेशंटपाशी होते. बाहेर आले तर ती डबा मांडीवर घेऊन बसलेली, शेजारी एक अमेरिकन बाई. त्या बाईने भिंतीवरच्या पहिल्या फोटोकडे बोट दाखवलं आणि आईला म्हणाली, "पुअर थिंग. कॅन यू इमॅजिन?" आईला बोलणं नीट कळलं नसावं. कुणी आपणहून बोललं की ती हसते, तशी ती हसली, तोंड भरून. बाईने तिच्या तोंडाकडे बघितलं, मग फोटोकडे, आणि घाईघाईने फोन काढला.

मग आईने वळून फोटो बघितला. त्यात नुसते ओठ आणि दात होते. नाक नाही, डोळे नाहीत.

"हे कोणाचे?" तिने विचारलं.

"माझे, आई."

"मला माझेच वाटले," ती म्हणाली, आणि डबा माझ्या हातात देऊन गाडीत जाऊन बसली.

त्या दिवसापासून आई तोंडावर हात धरून हसते. डिसेंबरमध्ये मला प्रवेश मिळाला. मंडळाने पार्टी केली, काकांनी भाषणात मला "आपली मुलगी" म्हटलं, आणि सगळ्यांनी वळून माझे दात बघितले. आईने एका हाताने टाळी वाजवल्यासारखं केलं, कारण दुसरा तोंडावर होता.

जानेवारीत ती भारतात गेली. इथले पुष्कळ लोक दाताची कामं तिकडेच उरकून येतात, पण आई त्यासाठी चालली आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं. परतल्यावर जेवताना ती एकाच बाजूने चावत होती. विचारलं तेव्हा कळलं, दिवाळीपासून दाढ ठणकत होती. यवतमाळला जाऊन काढून आली.

"मी रोज क्लिनिकमध्ये असते, आई! निदान मला तरी दाखवायचीस."

तिने ताटातला भात कालवला.

"बरं, आता तरी बघू दे. तोंड उघड."

तिचा हात वर आला. "तुझ्यासमोर नको," ती हाताआडून म्हणाली. "तिकडचा डॉक्टर बरा होता. त्याचे दात आपल्यासारखेच आहेत."

मग तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "माझ्यासारखे."