आईला कुणी टाकलं नव्हतं

केजहून आत्ताच घरी आलेय आणि डोकं अजून तापलेलंच आहे, म्हणून इथं लिहितेय.

माझ्या कवितेवर बसवलेल्या संगीतिकेचा आज प्रयोग होता. रोजचा मार सोसायचं नाकारून आई मला कडेवर घेऊन घराबाहेर पडली, त्यावर ती कविता आहे. आई माझ्या शेजारीच बसली होती.

पडदा उघडण्याआधी एक प्राध्यापक कविता समजावून सांगायला उभे राहिले. म्हणाले, "ही नवऱ्यानं टाकलेल्या एका अबलेची करुण कहाणी आहे."

आई जागेवरूनच बोलली, "मला कुणी टाकलं न्हाई, सर. मीच सोडून आलते त्याला."

सर हसले. "बसा मावशी, कवितेचा अर्थ वेगळा असतो." लोकही हसले.

मी उठून ओरडलेच, "कविता माझी आहे आणि ही माझी आई आहे. ती सांगते तेच खरं!"

सर "भावना समजू शकतो" म्हणाले आणि आपल्या भाषणाचं पुढचं पान वाचायला लागले.

मी आईला म्हणाले, "चल, घरी जाऊ."

"कावून? जायचं तर त्यानं जावं. मी गाणं ऐकणार हाय."

बाईनं स्वतःहून घर सोडलं, हे ऐकणं तुम्हाला एवढं जड का जातं हो?