आईचा डबा आणि ज्यूरी

आई शाळेत खिचडी शिजवायची. उरलेली डब्यातून घरी यायची, तेच आमचं रात्रीचं जेवण. हे मी जर्मनीतल्या डार्मश्टाटच्या स्टार्टअप-मेळाव्यांत भेटणाऱ्या एका पुणेकर दादांना सांगून बसले. त्यांच्या हातात कायम ब्रेत्झेल, म्हणजे जर्मन खारा पाव, आणि दर वाक्याला "गेनाऊ!", म्हणजे 'अगदी बरोबर!'. पिच, म्हणजे ज्यूरीपुढे आपला धंदा मांडायचं भाषण, कसं बांधायचं, हे मात्र त्यांच्याकडूनच शिकले.

"अगं, पहिली स्लाइड आईचा डबा! ज्यूरी रडते."

"दादा, मी पाइपातली गळती शोधणारा सेन्सर विकतेय, आई नाही."

तरी स्पर्धेच्या दिवशी माझ्या पिचआधी माईक घेऊन त्यांनीच डब्याची गोष्ट सांगितली. कुणापुढे कधी हात न पसरलेली माझी आई त्यांच्या तोंडी 'बिचारी' झाली! सभागृह हळहळलं. माझं डोकं फिरलं.

"आता गळती बघा," म्हणत मी सेन्सर सोबत आणलेल्या पाइपाला लावला आणि तो लगेच वाजला. त्या संध्याकाळी माझ्या सेन्सरला पहिलं गिऱ्हाईक मिळालं.