सासूबाईंची पंधरा दिवसांची शांतता

आमचं घर नौपाड्यात, भर बाजारात. खाली भाजीवाल्या, समोर डेअरी, बाजूला ब्लाउजवाला. खिडकी उघडली की मेथीचा भाव घरात येतो, बंद केली तरी येतो. सासूबाईंनी या गोंगाटाविरुद्ध चाळीस वर्षं तक्रार केलेली. त्यामुळे आमच्या बिल्डिंगचे पाइप बदलायला काढले आणि पंधरा दिवस बाथरूम बंद राहणार असं कळलं, तेव्हा सगळ्यात आधी बॅग भरली ती त्यांनीच. मुक्काम होता घोडबंदर रोडला, माझ्या दिरांकडे. बाविसावा मजला.

पहिल्या दिवशी त्या गॅलरीत बसून म्हणाल्या, "याला म्हणतात राहणं!"

दुसऱ्या दिवशी चारदा दार उघडून बाहेर डोकावल्या. कॉरिडॉरमध्ये कोणीच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, "अगं, इथे माणसं राहतात ना नक्की?"

चौथ्या दिवशी कोथिंबीर हवी होती. दिरांनी मोबाइलवरून मागवली. दहा मिनिटांत कोथिंबीर दारात हजर, प्लॅस्टिकच्या डबीत. आणणारा सासूबाईंनी तोंड उघडण्याआधीच लिफ्टमध्ये शिरलेला. त्या डबीकडे बघत राहिल्या. "निवडणं नाही, भाव नाही, काही बोलणं नाही. ही कसली भाजी?"

पाचव्या दिवशी सकाळी त्या घरात नव्हत्या. मोबाइल उशीखाली. आम्ही बाग पाहिली, क्लबहाउस पाहिलं, स्विमिंग पूलही पाहिला. शेवटी गेटवरचा वॉचमन म्हणाला, "त्या आजी? त्या तर कधीच रिक्षाने गेल्या."

मी आमच्या खालच्या भाजीवालीला फोन लावला.

"आहेत ना, ताई," ती म्हणाली. "माझ्या बाजूलाच बसल्यात. मटार सोलतायत. गिऱ्हाइकाला भाव पण त्याच सांगतात."

ट्रॅफिकमधून दीड तासाने आम्ही पोचलो. नवरा जरा चिडलेलाच होता. "आई, अगं सांगून तरी जायचंस! आम्ही किती घाबरलो!"

"सांगितलं असतं तर सोडलं असतंत?" मटाराची शेंग न सोडता त्या म्हणाल्या. परत यायला साफ नकार. बाथरूमचं काय, तर रस्त्यापलीकडच्या इमारतीतल्या काकूंशी त्यांचं आधीच बोलणं झालेलं.

एकट्या त्यांना कसं ठेवणार? संध्याकाळी आम्हीही बॅगा घेऊन घरी आलो. उरलेले दहा दिवस आम्ही तिघं रोज सकाळी टॉवेल खांद्यावर टाकून रस्ता ओलांडायचो. माझी वेळ सहा चाळीसची. ब्लाउजवाला शटर उघडता उघडता विचारायचा, "वहिनी, आज उशीर?"

सासूबाईंना मात्र वेळेचं बंधन नव्हतं. त्या काकूंकडे अंघोळीला जायच्या आणि चहा, नाश्ता, गप्पा उरकून अकराला परतायच्या.