आवणीची यादी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही – आणि त्याच्याकडे तर मी करपलेली भाजीसुद्धा कबूल करते.

आधीच सांगते, मी सुखात आहे. डहाणूत घर आहे, दारात चिकूची दोन झाडं आहेत, आणि तलासरीकडच्या फुग्यांच्या कारखान्यात माणसं सांभाळायचं काम आहे. ते मला मनापासून आवडतं. शंभरेक बायका टेबलांशी उभ्या राहून फुगे तपासतात, रंग निवडतात. त्यांना कामावर टिकवायचं, खूश ठेवायचं – हे माझ्याकडे.

मालकांच्या मुलीने, म्हणजे छोट्या मॅडमनी, कारभार हातात घेतला तेव्हा चेहरा ओळखणारं हजेरीचं मशीन आलं, भिंतीवर ‘आपण एक कुटुंब’ असा बोर्ड लागला. पण जुलै आला की निम्मं कुटुंब गायब! भाताची लावणी – इकडे आवणी म्हणतात – सुरू झाली की बायका न सांगता शेतावर. मी काय नाही केलं? दम दिला, भाषणं दिली, महिनाभर पूर्ण हजेरी लावणारीला प्रेशर कुकर जाहीर केला. कुकर एकीलाच मिळाला. तिला शेतच नव्हतं.

लक्षी त्या टेबलांवरच्या बायकांपैकीच, सायवन गावची. सकाळी कंपनीच्या टेम्पोने येते, दिवसभर उभी असते. तेव्हाच तिचे गुडघे बोलायला लागले होते. कुकरचा खोका बघून ती पोट धरून हसली आणि म्हणाली, “बाय, आवणी का सगल्या पाड्यांची एकाच दिसी होते? आज आमच्या पाड्याची, मंग खालच्या पाड्याची. सगली मिलून एकेकाचा शेत लावतात. तशीच सुट्टी दे ना – पाड्या-पाड्याला.”

इतकं सोपं! ती बोलत गेली, मी लिहीत गेले. कुठला पाडा आधी, कुठला नंतर, सगळं तिला तोंडपाठ. ज्या पाड्याची आवणी त्याला चार दिवस रजा, बाकीच्यांनी काम ओढायचं. पुढच्या जुलैत एकही टेबल बंद पडलं नाही. कुणी न सांगता गेलं नाही.

आणि मग – हे लिहिताना इथे मी तीनदा चहा करायला उठले.

मीटिंगमध्ये छोट्या मॅडमनी विचारलं, कल्पना कुणाची? मी म्हटलं, माझी. तोंडातून निघून गेलं, असं म्हणू का? निघून गेलं असेलही. पण पुढचं ऐका. त्या म्हणाल्या, “अरेरे. मला वाटलं बायकांपैकी कुणाची असेल. तिलाच सुपरवायझर केलं असतं.”

सुपरवायझरला खुर्ची असते. दिवसभर बसून काम. लक्षीचे गुडघे मला माहीत होते. एक वाक्य बोलायचं होतं – फक्त तिचं नाव. मी समोरची बिस्किटं बघत बसले. सगळे टाळ्या वाजवत होते, आणि खरं सांगू? मला छान वाटत होतं. पुढच्या महिन्यात सुपरवायझर उंबरगावहून आली, मला बढती मिळाली. आता इतर कारखान्यांची माणसं मला बोलावतात – कामगारांचं ऐकून घ्यायला शिका, हे त्यांना शिकवायला. हो, मीच!

झोप उडाली असं लिहिलं तर ते आणखी एक खोटं होईल. मला झोप लागते. चिकू पिकतात, मी खाते.

या गोष्टीला सात वर्षं झाली. लक्षी अजून त्याच टेबलाशी आहे. दुपारनंतर ती एका पायावरचा भार दुसऱ्यावर टाकत राहते, ते माझ्या केबिनच्या काचेतून दिसतं. ती माझ्यावर रागावलेली नाही, कारण त्या मीटिंगमध्ये काय झालं ते तिला ठाऊकच नाही. रजेची युक्ती तिची होती, हेही ती बहुधा विसरली आहे. यंदा जुलैच्या तोंडावर तिनेच काचेवर टकटक केलं आणि हसत म्हणाली, “बाय, तुझी यादी लाव ना. आवणी आली.”

मी यादी लावली. वर सायवनचे पाडे, खाली माझी सही.